किल्ली कोणाच्या हातीं?

कुलूप आलें कीं किल्लीचा प्रश्न आलाच. आणि चोराची नजर कुलुपापेक्षां किल्लीवरच अधिक असते. गुप्तलेखनाच्या शास्त्रांत हें तत्त्व ऑगुस्ट केर्कहॉफ्स यांनीं १८८३ सालीं एका फ्रेंच लष्करी मासिकांत मांडलें. पद्धति शत्रूस ठाऊक झाली तरी चालेल. किल्ली मात्र त्याच्या हातीं पडतां कामा नये, हें त्याचें सार.

१९७६ सालीं डिफी आणि हेलमन यांनीं दोन किल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली. उघड किल्लीनें कोणींहि मजकूर बंद करावा. गुप्त किल्लीनें धन्यानेंच तो उघडावा. १९९१ मध्यें अमेरिकेंतील फिल झिमरमन यांनीं ‘पीजीपी’ हें साधन निर्माण करून ही विद्या सामान्य माणसाच्या हातीं दिली. तें देशाबाहेर पोंचलें. निर्यातीच्या कायद्याखालीं त्यांची चौकशी झाली, आणि १९९६ च्या जानेवारींत ती खटल्यावांचून संपली. तोंच जर्मनींतील वेर्नर कोख यांनीं १९९७ च्या डिसेंबरांत त्याच धर्तीचें, सर्वांस मोकळें असें साधन पुढें आणलें. ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’ या नांवानें १९९९ सालीं त्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली.

हें साधन टंकित आज्ञेवर चालतें, आणि गुप्त किल्लीस स्वतःचें असें परवलीचें वाक्य असतें. माणूस समोर बसला असतां अडचण नाहीं. परंतु मध्यरात्रीं आलेली फाइल उघडण्याचें काम आज्ञांच्या यादीवर, म्हणजे स्क्रिप्टवर, सोंपविलें, तर परवली सांगणार कोण? ती आज्ञेंतच लिहावी, तर चालू आज्ञांची यादी त्याच संगणकावरील इतरांसहि बहुधा दिसते. गुपित चावडीवर वाचल्यासारखें होतें. निराळ्या फाइलींत ठेवून ती एकाच खात्यास वाचूं द्यावी, हें बरें. पण संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकापासून तीहि लपत नाहीं. परवलीच काढून टाकावी, तर किल्लीची फाइल ज्याच्या हातीं पडेल तोच धनी.

२०१४ सालच्या २.१ या आवृत्तीनें सर्व गुप्त किल्ल्या ‘एजंट’ नांवाच्या एका पहारेकऱ्याच्या स्वाधीन केल्या. तो परवली स्वतः विचारूं लागला. उत्तर देण्यास माणूस नसल्यामुळें कित्येक जुन्या स्क्रिप्टा अडल्या. मग स्क्रिप्टनेंच परवली पुरवावी यासाठीं ‘लूपबॅक’ ही वाट स्पष्ट शब्दांत मागावी लागूं लागली.

ही गैरसोय निष्फळ नव्हती. माणसावांचून उघडणाऱ्या कुलुपाची किल्ली यंत्राजवळच असणार, हें तिनें उघड केलें. म्हणून शहाणपण एवढेंच: त्या एका कामापुरती वेगळी किल्ली यंत्रास द्यावी, आणि मूळ किल्ली त्या यंत्रापासून दूर, बंदोबस्तांत ठेवावी. मग एखाद्या रात्रीं चोरी झालीच, तर एक खोली लुटली जाईल. घर शाबूत राहील.