धाप आणि घटणारे वजन

जुना खोकला व धाप असलेला माणूस वाळत चालला, की आपल्याकडे पहिली शंका येते ती क्षयाची. ती गैर नाही. थुंकीची तपासणी व एक्स-रे काढून क्षय आणि कर्करोग आधी वगळलेच पाहिजेत. मात्र हे दोन्ही नसतानाही वजन उतरू शकते. विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन फुफ्फुसे फुगलेली राहतात. या विकाराला डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात.

निरोगी माणसाचे श्वासोच्छ्वासावर दिवसाकाठी शंभराहूनही कमी उष्मांक खर्च होतात. या रुग्णांत तो खर्च अनेक पटींनी वाढतो, कारण फुगलेल्या फुफ्फुसांनी श्वासपटल दाबून सपाट केलेले असते व मानेच्या स्नायूंनाही राबावे लागते. दुसरीकडे आवक घटते. घास गिळताना क्षणभर श्वास थांबतो, तेवढ्यानेही धाप लागते. पोट भरले की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. रुग्ण चार घासांतच 'पुरे' म्हणतो आणि घरचे तो वयाचा परिणाम समजतात. मग शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. त्यातून श्वसनाचे स्नायूही सुटत नाहीत.

२००४ साली डॉ. बार्तोलोमे सेली व सहकाऱ्यांनी या आजाराचे गांभीर्य मोजणारा 'बोड' निर्देशांक मांडला. त्यात फुफ्फुसांची क्षमता, धाप व चालण्याची ताकद यांच्या जोडीला वजनही धरले आहे. बॉडी मास इंडेक्स २१ किंवा त्याहून कमी असल्यास धोका वाढतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे वजन सुमारे ५७ किलो होते. आपल्याकडे अनेक जण मुळातच सडपातळ असतात, म्हणून एका आकड्यापेक्षा उतार पाहावा. सहा महिन्यांत दहा टक्के घट ही गंभीर बाब होय. पायांवर सूज असेल, तर वजनकाटा फसवतो.

दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. जेवणापूर्वी अर्धा तास विसावा घ्यावा. मऊ खिचडीवर तूप, वरण, अंडे, दही, शेंगदाण्याचे कूट असे आटोपशीर पण कसदार अन्न हवे. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने साधारणतः सुचवली जातात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच. दुधाने कफ वाढतो, या समजापायी अनेक घरांत रुग्णाचे दूध बंद होते. दुधाने तोंडात काही वेळ चिकटपणा जाणवतो, पण कफ अधिक तयार होत नाही. पिष्टमय पदार्थांपासून कार्बन डायऑक्साइड जास्त निर्माण होतो, हे खरे; तथापि भाकरी-भात सोडण्याचे त्यामुळे कारण नाही. एका वेळी अति खाणेच अधिक बाधते.

आहाराला व्यायामाची जोड नसेल, तर वाढलेले वजन बहुतांशी चरबीचेच असते. झेपेल तेवढे चालणे व हातापायांचे हलके व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने करावेत. स्थूल रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे. पोटावरील चरबीने धाप वाढते. परंतु आजार तीव्र असताना घाईने उपास सुरू केल्यास चरबीबरोबर स्नायूही जातात.