भाऊबीज, 2021

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. नगरच्या सिव्हिलमध्ये कोविड आयसीयूला आग लागली. आत 17 पेशंट, त्यातले किमान 11 गेले. आणि हे आयसीयू जुनाट नव्हतं बरं का, नवंच बांधलेलं होतं!

त्याच वर्षी 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बाळं आगीत दगावली. मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनगळती, दोनच दिवसांनी विरारला आयसीयूत आग. म्हणजे नगरच्या आधी दहा महिने धोका डोळ्यांसमोर होता. माझ्या मते ऑडिटनं तो कागदावर येतो. पुढं वायरिंग, पाण्याची लाईन यांना पैसा लागतो, तिथंच घोडं अडतं.

श्रीरामपुरातून आपणही सिरियस पेशंट नगरला हलवतो. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आयसीयूचा दुसरा दरवाजा कुठंय आणि त्याला कुलूप आहे का, तेवढं विचारा.