एल्क व्यवस्थापन, एस्टेस पार्क

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील एस्टेस पार्क हे गाव आणि लगतचे रॉकी मौंटन राष्ट्रीय उद्यान यांतील एल्क हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे उपाय. एल्क हा काश्मीरच्या हंगूलचा नातलग. नराचे वजन ३०० किलोच्या वर जाते. शिकारीमुळे येथून जवळपास नाहीसे झालेले एल्क १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून सोडले. १९१५ मध्ये उद्यान झाले, आत शिकार थांबली. लांडगे तर आधीच संपले होते. कळप वाढत गेले आणि गावातली हिरवळ व गोल्फची मैदाने त्यांना मानवली. विलो आणि ॲस्पेन या झाडांचे कोवळे कोंब मात्र एल्क खात असल्याने वर येईनात, त्यामुळे विलोवर जगणारे बीव्हरही घटले.

२००७ च्या आराखड्यात हिवाळी कळपासाठी ६०० ते ८०० ही मर्यादा ठरली. झाडीभोवती उंच कुंपणे घातली, काही माद्या गोळी घालून कमी केल्या. लांडगे परत आणण्याचा पर्याय विचारात घेऊन सोडून दिला. वस्ती इतकी जवळ असताना दुसरे काही होणे कठीणच होते.

गावात खरी डोकेदुखी दोन हंगामांची. मे-जूनमध्ये पाडसाजवळ गेलेल्यावर मादी धावून येते, शरदात माजावरचे नर गाड्यांनाही शिंगे लावतात. दोर, झोपाळे, जाळ्या शिंगांत अडकतात. २०२१ मध्ये याच राज्यात पाइन गावाजवळ एका नराच्या गळ्यात दोन वर्षे अडकलेला टायर काढण्यासाठी त्याची शिंगेच कापावी लागली. एल्कना खाऊ घालणे कोलोरॅडोत बेकायदा आहे.