डोंगरावरचं गोल्फ आणि तिजोरीतला कागद

डोंगरावर क्लब, आजीवन सदस्यत्व, "आज पैसे भरा, उद्या भाव दुप्पट" अशा जाहिराती बघितल्या की मला जपान आठवतं. तिथं हे सगळं एकदा होऊन गेलंय.

सुरुवात साधी होती. आर्थर ग्रूम हा कोबे बंदरातला इंग्रज व्यापारी. शहराच्या मागं रोक्को डोंगर, तिथं त्याचं उन्हाळी घर. मित्रांना घेऊन त्यानं झुडपं उपटली, दगड काढले आणि 1901 पर्यंत चार होल तयार केले. 1903 मध्ये कोबे गोल्फ क्लब सुरू झाला, तेव्हा नऊ होल होते. जपानमधलं हे पहिलं गोल्फ मैदान. चार हौशी माणसांचा खेळ, बस.

1957 मध्ये कासुमिगासेकीला कॅनडा कप झाला आणि जपान जिंकला. सामने टीव्हीवर दिसले, खेळाचं वेड पसरलं. पण सपाट जमीन आणायची कुठून? जपानचा बराचसा भाग डोंगराळ, सपाटीवर शेती आणि शहरं. मग डोंगर कापायला लागले. झाडं तोडली, उंचवटे छाटून दऱ्या भरल्या आणि वर हिरवळ अंथरली.

एवढा पैसा आला कुठून? सदस्यांच्या खिशातून. मैदान तयार व्हायच्या आधीच ठेव घ्यायची, ती साधारण दहा वर्षांनी परत द्यायचा वायदा. सदस्यत्वाचा कागद शेअरसारखा विकला जायचा, त्याचे दलाल होते, भाव निघायचे. तोक्योजवळच्या कोगानेई क्लबचं सदस्यत्व तेजीच्या शिखरावर 30 कोटी येनच्या वर गेलं होतं. काहींनी तर आयुष्यात काठी हातात न धरता कागद घेतला. त्यात 1987 मध्ये सरकारनं रिसॉर्ट कायदा केला, करसवलती दिल्या. मग काय, डोंगरामागून डोंगर.

गावकऱ्यांच्या वाट्याला काय आलं? हिरवळीवर फवारलेली औषधं पावसाबरोबर खाली, पिण्याच्या पाण्यात उतरतील ही भीती. ठिकठिकाणी विरोध झाला. 1990 मध्ये पर्यावरण खात्याला मैदानांवरून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या कीटकनाशकांसाठी मर्यादा ठरवाव्या लागल्या.

त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. ठेवी परत मागायची वेळ आली तेव्हा क्लबांकडं पैसाच नव्हता, तो केव्हाच डोंगरात गेला होता. एकामागून एक क्लब दिवाळखोरीत निघाले. बरीच मैदानं परदेशी गुंतवणूकदारांनी स्वस्तात उचलली. काहींवर आता सौर पॅनेल आहेत. क्योतोत अशाच एका सोडून दिलेल्या मैदानावर क्योसेरा कंपनीनं 23 मेगावॉटचा प्रकल्प उभारला.

रोक्कोवर मात्र आजही खेळ चालतो.

ग्रूमनं डोंगर खेळायला घेतला होता, नंतरच्यांनी तो विकायला घेतला. म्हणून कुणी डोंगराचा कागद पुढं केला की दोनच प्रश्न विचारा: माझा पैसा आज नेमका कुठं आहे? आणि खालच्या गावाचं पाणी कुठून येतं?

तुमच्या भागात असं काही चालू असेल तर कमेंटमध्ये लिहा.