वाऱ्यावर जगणारा पाहुणा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. माझ्याकडे आलेल्या पाहुण्याची धाव मात्र बिस्किटांच्या डब्यातच संपली. पूर्वी किराणा दुकानात असे तसला, पुढून काच लावलेला, पत्र्याचा तो मोठा डबा. गोष्ट १९६७ सालच्या दिवाळीच्या सुटीतली, वऱ्हाडातल्या मामांच्या गावची. शेतावरच्या गड्याने बाभळीवरून काढून आणलेला तो प्राणी नेहमीचा सरडा नव्हता. गावकरी ज्याला घोयरा म्हणत आणि इंग्रजी शिकलेले मामा शॅमेलिऑन म्हणत, तो होता. शेपटीची गुंडाळी, चिमट्यासारखे पाय, आणि एक डोळा माझ्याकडे तर दुसरा मामांकडे! मी डब्यात एक फांदी ठेवली, मेलेल्या माश्या टाकल्या, वाटीत पाणी ठेवले. त्याने कशालाच तोंड लावले नाही. आजी म्हणाली, "अरे, तो वारा खाऊन जगतो. त्याला काही नको." नवव्या दिवशी तो फांदीवरून खाली पडलेला दिसला.

आजीला मी पुढे कित्येक वर्षे मनातल्या मनात दोष देत होतो. मग वाचता वाचता कळले, की या समजुतीच्या पंगतीला फार मोठी मंडळी बसून गेलेली आहेत. रोमचा प्लिनी हा पहिल्या शतकातला ज्ञानकोशकार. त्याने खुशाल लिहून ठेवले, की हा प्राणी खात नाही, पीत नाही, केवळ हवेवर जगतो. त्याच्या आधी चारशे वर्षे ॲरिस्टॉटलने या सरड्याचे डोळे, पाय, मंद चाल यांचे बारकाईने वर्णन केले होते. पण लोकांना आवडला तो प्लिनीचा वारा. आपण तरी काय वेगळे? संस्कृतात सापाला पवनाशन म्हणतातच ना! शिवाय या समजुतीला थोडा आधारही होता. शॅमेलिऑन उपाशी बरेच दिवस तग धरतो, तोंड वासून बसतो, आणि त्याची जीभ शरीराच्या दीडदोनपट लांब असूनही इतक्या वेगाने बाहेर पडून परत जाते, की माशी कुठे गेली ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना समजतच नाही.

१६४६ मध्ये इंग्लंडच्या टॉमस ब्राउन या वैद्याने लोकभ्रमांवरच्या आपल्या ग्रंथात सरळ सवाल केला: हवाच खायची, तर जठर कशाला आणि एवढी लांब जीभ कशाला? पुढे पॅरिसमध्ये क्लोद पेरो याने एका शॅमेलिऑनचे विच्छेदन करून त्याचे वर्णन १६६९ मध्ये छापले. हा पेरो म्हणजे लुव्र राजवाड्याच्या स्तंभपंक्तीशी ज्याचे नाव जोडले जाते तो, आणि सिंड्रेलाची कथा लिहिणाऱ्या शार्लचा भाऊ. तीनच वर्षांनी, १६७२ मध्ये, त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी या नामवंत कादंबरीकर्तीकडे इजिप्तहून शॅमेलिऑन आले. पासष्टीच्या या अविवाहित बाईंनी ते घरच्या माणसांसारखे सांभाळले आणि पुढे १६८८ मध्ये त्यांची हकिगत प्रसिद्ध केली. पेरोने प्राण्याकडे यंत्रासारखे पाहावे, हे त्यांना रुचले नाही. त्यांच्या लेखी तो माया ओळखणारा जीव होता. मला या बाईंविषयी आपुलकी वाटते. पण माया करणे वेगळे आणि जगवणे वेगळे. त्यांचे पाहुणे फार काळ राहिले नाहीत.

आता माझ्या वाटीकडे येतो. शॅमेलिऑनला साचलेले पाणी पाणी म्हणून सहसा उमगतच नाही. रानात तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. थेंब हलला, चमकला, की त्याची जीभ निघते. खाण्याचेही तेच. मेलेली माशी त्याच्या दृष्टीने काडीकचरा. त्याला लागतो तो चालता, उडता किडा. म्हणजे माझा पाहुणा भरल्या वाटीशेजारी तहानेने गेला.

आज परदेशांत हे प्राणी पाळणारे पिंजरा उभा, रुंदीपेक्षा उंच ठेवतात आणि बहुधा जाळीचा करतात, काचेचा नव्हे, कारण कोंदट हवेत त्यांचे श्वसन बिघडते. आत पानेदार झाडे लावतात, दिवसातून अनेकदा फवारा मारतात किंवा वरून थेंब थेंब पाणी सोडतात. रातकिडे आधी पालेभाजीवर पोसतात, मग त्यांना चुन्याच्या क्षाराची, म्हणजे कॅल्शियमची पूड लावून सोडतात. वरती उबेसाठी एक दिवा आणि अतिनील किरणांचा दुसरा; तो नसेल तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडे वाकतात. एवढा थाट आपण बाळंतिणीच्या खोलीचासुद्धा करीत नाही! आणि हे सगळे बहुधा एकट्यासाठी, कारण दुसरा शॅमेलिऑन नुसता दिसला तरी याचा रंग पालटतो. तो रंग आजूबाजूशी जुळवून घेण्यासाठी असतो हीही आपली समजूतच. रागलोभ आणि ऊन-थंडी यांच्या मानाने तो बदलतो. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखविले, की त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांतले अंतर कमी-जास्त झाले, की रंग पालटतो.

सगळ्यात बोलकी हकिगत हवाई बेटांतली आहे. १९७२ मध्ये केनियातून तीन शिंगांचे काही डझन शॅमेलिऑन ओआहू बेटावरच्या एका दुकानदाराकडे आले. प्रवासाने ते सुकले होते, मरणाला टेकले होते. त्याने काय करावे? त्यांना आपल्या परसातल्या झाडांवर सोडून दिले. बेटाची ती बाजू पावसाची. ते सावरले, इतके सावरले की परसात राहिलेच नाहीत. आज त्यांची प्रजा रानात पसरली आहे आणि तिथल्या दुर्मीळ गोगलगायी खाते म्हणून तिथल्या निसर्गाच्या राखणदारांना त्यांची डोकेदुखी झाली आहे.

त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या घोयऱ्याला त्याचे संरक्षण आहे. त्याला धरून डब्यात ठेवणे आता गुन्हा ठरतो.

चार वर्षांपूर्वी मामांच्या त्याच शेतावर गेलो होतो. रात्री पाऊस पडून गेला होता. बांधावरच्या बाभळीवर एक घोयरा बसलेला दिसला. माझ्याबरोबरचा नातू मोबाईल काढीत होता. मी त्याला थांबवले आणि आम्ही दोघे उभे राहिलो. घोयऱ्याने एक डोळा आमच्याकडे वळवला, दुसरा वरच्या डहाळीकडे. डहाळीच्या टोकाशी पाणी जमत होते. थेंब पुरता भरायच्या आतच त्याने तो चाटला आणि पुढच्याची वाट पाहत बसला.