छोटं विमान, तरी वेगळी परीक्षा! पायलटला 'टाइप रेटिंग' कधी लागतं?

मोबाइलवर फ्लाइट सिम्युलेटर खेळताना मी सेसना १७२ मधून एका टॅपमध्ये जेटमध्ये जाऊन बसतो. खऱ्या आयुष्यात असं चालतं का? हा प्रश्न डोक्यात आला आणि मी अमेरिकेचे नियम वाचायला घेतले, कारण छोटी खासगी विमानं तिथे भरपूर आहेत. मी काही पायलट नाही, पण जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

टाइप रेटिंग म्हणजे काय?

आपल्याकडे एलएमव्ही लायसन्स असलं की ७,५०० किलोपर्यंतची कुठलीही कार चालवता येते. प्रत्येक मॉडेलची वेगळी टेस्ट नसते. अमेरिकेतही सिंगल इंजिन किंवा मल्टी इंजिन असा विमानांचा क्लास असतो आणि त्या क्लासमधली बहुतेक छोटी विमानं एकाच रेटिंगवर चालतात. पण काही विमानांसाठी त्याच मॉडेलचं ट्रेनिंग घेऊन वेगळी परीक्षा द्यावी लागते. हेच टाइप रेटिंग.

ते कधी लागतं?

१. विमानाचं टेकऑफचं कमाल वजन १२,५०० पाउंडांपेक्षा (सुमारे ५,६७० किलो) जास्त असेल तर.
२. विमानाला जेट इंजिन असेल तर. इथे वजन कितीही कमी असलं तरी सुटका नाही!
३. एखाद्या विमानासाठी एफएए या तिथल्या सरकारी संस्थेने तसं ठरवलं असेल तर.

आता गंमत बघा

किंग एअर २०० चं वजन बरोबर १२,५०० पाउंड आहे, म्हणून रेटिंग लागत नाही. त्याचाच मोठा भाऊ किंग एअर ३५० हा १५,००० पाउंडांचा, त्याला लागतं.

सिरस व्हिजन जेट फक्त ६,००० पाउंडांचं, एकाच इंजिनाचं. पण जेट आहे, म्हणून रेटिंग हवंच. उलट टीबीएम ९३० हे पंखा असलेलं टर्बोप्रॉप विमान त्याच्यापेक्षा जड आणि वेगवानही आहे, तरी त्याला टाइप रेटिंग लागत नाही!

मग बाकीची विमानं कोणीही उडवावीत?

अजिबात नाही. इथे 'एन्डॉर्समेंट' येते. म्हणजे इन्स्ट्रक्टरकडून ट्रेनिंग घ्यायचं आणि लॉगबुकमध्ये त्याची सही घ्यायची. सरकारी परीक्षा नसते. ही सही लागते:

• इंजिन २०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त असेल तर
• चाकं आत ओढली जाणारं 'कॉम्प्लेक्स' विमान असेल तर
• तिसरं चाक शेपटीखाली असेल तर
• प्रेशराइज्ड विमान २५,००० फुटांच्या वर जाऊ शकत असेल तर

म्हणूनच साध्या सेसना १७२ वर शिकलेल्याला २३० हॉर्सपॉवरच्या सेसना १८२ साठीही आधी सही लागते.

नियम कमी पडले तेव्हा

मित्रांनो, हा भाग नीट वाचा. मित्सुबिशी एमयू-२ हे दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप. वजन १२,५०० पाउंडांच्या आत, म्हणून टाइप रेटिंग नाही. पण त्याच्या पंखांवर नेहमीचे एलेरॉन नाहीत. वळण्यासाठी पंखावरचे स्पॉइलर वर उचलले जातात आणि त्या बाजूची लिफ्ट कमी होते. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्या विमानांची सवय इथे वापरली तर जिवावर बेतू शकतं. अपघात वाढले, तेव्हा एफएएने २००८ मध्ये फक्त या विमानासाठी खास ट्रेनिंग सक्तीचं केलं, तेही दरवर्षी उजळणीसकट. त्यानंतर अपघात बरेच कमी झाले. विमान तेच होतं, बदललं ते ट्रेनिंग.

रॉबिन्सन आर२२ आणि आर४४ या छोट्या हेलिकॉप्टरांसाठी असाच खास नियम १९९५ मध्ये आला. युरोपात तर आर२२ लाही टाइप रेटिंग लागतं.

थोडक्यात काय?

विमान छोटं म्हणजे सोपं, असं नसतं. वजन आणि इंजिन ही पहिली चाळणी. पण खरा प्रश्न एकच: संकटाच्या वेळी हे विमान पायलटच्या जुन्या सवयीप्रमाणे वागेल का? उत्तर 'नाही' असेल, तर वेगळं शिकायलाच हवं. गेममध्ये चुकलं तर रीस्टार्टचं बटण असतं, आकाशात नसतं!