टीव्ही गेला आणि केसरबाई आल्या

गेल्या वर्षी वळवाच्या पावसात वीज अशी काही कडाडली की आमचा टीव्ही गेला तो गेलाच. "दुरुस्त करून आणूया की," असं घरात सगळेच म्हणाले आणि दुकानात कुणीच नेला नाही. संध्याकाळी चपात्या लाटताना मागे मालिकेचा आवाज हवा, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. तीन दिवस नुसती चिडचिड केली. मग लेकाने फोनवर पॉडकास्ट लावून दिले. "हे ऐक आई, बघायला लागत नाही."

पॉडकास्ट हा शब्द तसा अलीकडचा. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून झालेला हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन'मधल्या लेखात वापरला. पुढच्याच वर्षी ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. म्हणजे वीस वर्षं ही गोष्ट जगात होती आणि मला पत्ताच नाही!

एकदा अंतराळावरचा एक इंग्रजी पॉडकास्ट लागला. लेकाचा होता, पण माझे हात पिठाचे, बंद कोण करणार? १९७७ साली सुटलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचं निवडक संगीत भरलेली तबकडी पाठवली, त्याची गोष्ट चालू होती. आणि मधेच त्या परक्या उच्चारात नाव आलं... केसरबाई केरकर. साडेतीन मिनिटांची भैरवी. माझं लाटणं थांबलं, तव्यावरची चपाती करपली.

हे नाव मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं.

मग रोज थोडं थोडं ऐकत, शोधत गेले. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी काही महिने कोल्हापुरात राहून त्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून गुरू अल्लादिया खाँसाहेब. हे खाँसाहेब तर आमच्याच गावचे म्हणायचे! अति गाण्याने आवाज गेला, तेव्हा त्यांनी आपल्या बदललेल्या आवाजाला साजेशी नवी गायकी घडवली. तेच जयपूर-अत्रौली घराणं. १८९५ पासून ते शाहू महाराजांच्या दरबारी होते. १९२२ साली महाराज गेले, त्यानंतर ते मुंबईला गेले. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण मात्र नाही. शिष्यांच्या गळ्यातून जे उरलं तेवढंच आपलं. आणि त्यातली साडेतीन मिनिटं ग्रहांच्या पार गेली. पहिलं व्हॉयेजर सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या.

हा सगळा इतिहास माझ्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. लहानपणापासून देवल क्लबवरून जाते-येते, पण १८८३ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत पाऊल टाकलं ते आत्ता. मैफिलीत अर्धं गाणं कळलं नाही. तरी शेवटपर्यंत बसले.

आता खरं सांगायचं ते सांगते. आमच्याकडे टीव्ही आला १९८७ साली, 'रामायण' बघायला. त्याआधी आजीचा रेडिओ असायचा, सांगली केंद्र लावलेला. भाजी निवडत ती शास्त्रीय गाणं ऐकायची. टीव्ही आल्यावर "आजी, आवाज बारीक कर गं" असं म्हणणारी मीच. आवाज बारीक होत होत एक दिवस रेडिओ माळ्यावर गेला. तिने कधी तक्रार केली नाही.

टीव्हीला नावं ठेवायची नाहीत मला. पण त्याच्यासमोर घर एकत्र बसतं ते सगळ्यांना चालेल असं काही बघायला. आजीचं गाणं त्यात कधी बसलंच नाही. मला जे नवीन सापडलं असं वाटत होतं, ते आमच्याच स्वयंपाकघरात रोज वाजत होतं. मीच बंद करायला लावलं.

असो. टीव्ही आता दुरुस्त होऊन आलाय, मॅच असली की लागतो. रेडिओ माळ्यावरून काढला, पुसला, पण चालत नाही. आत्या, तू वाचशील हे. आजी कुठल्या रागाला हातातली भाजी खाली ठेवायची, तुला आठवतंय का? आठवलं तर फोन कर. संध्याकाळी केलास तरी चालेल, चपात्या करपू देत.